टोपलीतला परीक्षक

यात्सुशिरो, २२ मार्च

मित्सु,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहाव्यात असं आईने आपल्याला शिकवलं होतं. पण चेरीच्या कळ्या कुठवर आल्यात ते मला माहीत नाही, कारण मी कालपासून खिडकीकडे बघितलेलं नाही. मी सशाकडे बघतोय.

काल हिगानचं, पितरांच्या दिवसांचं, निमित्त काढून तू आलीस, आईबाबांच्या समाधीवर पाणी घातलंस, माझ्या हातचा चहा घेतलास आणि गाडीची वेळ झाली म्हणत चप्पलसुद्धा नीट न घालता पळालीस. मागे दारात टोपली राहिली. मला वाटलं, बोतामोची असतील. बहीण आपल्या एकट्या भावासाठी भाताचे गोड गोळे ठेवून गेली, या विचाराने, खोटं कशाला सांगू, मी चहाचं पाणी पुन्हा ठेवलं. झाकण काढलं तर गोळ्याला कान.

चिठ्ठीत लिहिलंयस, ‘थोडेच दिवस.’ तू लहानपणी माझी सायकलही थोडेच दिवस नेली होतीस.

पुढच्या खोलीतली तातामी मी स्वतः केलेली शेवटची. लव्हाळा निवडण्यापासून किनार शिवण्यापर्यंत सगळं याच हातांनी. तुझ्या सशाने त्या चटईचा कोपरा काल उपसला आणि माझ्याकडे बघत बघत चघळला. ऑगस्टातला पितरांचा सण, ओबोन, झाला की मी मुलाकडे, हिरोआकीकडे, ओसाकाला राहायला जाणार, हे घर विकायचं, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या इमारतीत जनावर चालत नाही. तेव्हा येत्या रविवारी ये आणि घेऊन जा.

तुझा दादा

फुकुओका, २५ मार्च

दादा,

फोन केला तर तू ‘ऐकू येत नाही’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदच खर्च करते.

रविवारी मी येऊ शकत नाही. माझ्याकडे जागा असती तर तुझ्या दारात टोपली ठेवली असती का? न्हाणीघरात गिनीपिग आहेत, कपाटात हॅमस्टर आहेत, आणि प्रत्येक हॅमस्टरला वेगळा पिंजरा लागतो, नाहीतर ते एकमेकांच्या जिवावर उठतात. स्वयंपाकघरात मोठ्या मऊ उंदरासारखा एक चिंचिला आहे, तो मीठ मागतो असं मला वाटतं, पण खात्री नाही. हा ससा एका बंद पडलेल्या शाळेतला. गावात मुलंच उरली नाहीत, मग शाळा गेली, शाळेबरोबर ससा रस्त्यावर. पिंजऱ्यावर मुलांनी रंगीत खडूने ‘मुलगा’ असं लिहिलं होतं, बाकी त्याची काहीच माहिती नाही.

आमच्या कामाची रीत तुला सांगून ठेवते. आपण तात्पुरते सांभाळणारे. नवं घर शोधायचं, त्या माणसांनी येऊन बघायचं, मग पंधरा दिवस चाचणी म्हणून प्राण्याला त्यांच्याकडे ठेवायचं. जमलं तर कायमचं, नाही जमलं तर परत. परत आणणाऱ्याला कोणी बोलायचं नाही, परत येणाऱ्यालाही नाही. आणि खरं नाव ठेवायचा हक्क फक्त कायमच्या घराचा. आपण नाव ठेवलं की जीव अडकतो. म्हणून मी सगळ्यांना भाज्यांची नावं देते. हा गोबो, त्या मुळीसारखा मातकट म्हणून. तू दुसरं काही ठेवू नकोस.

एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या तातामीत किडीचं औषध घातलेलं नाही ना?

मित्सुए

यात्सुशिरो, ८ एप्रिल

मित्सु,

माझ्या तातामीत औषध? हे तू कुरोगीला विचार. समोरच्या गल्लीतला कुरोगी अजून दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकाला यंत्रावरची चटई हातची म्हणून देतो. माझ्या चटईत लव्हाळा आहे, दोरा आहे आणि माझी पाठ आहे. आणखी काही नाही.

पण तुझ्या प्रश्नाने मला एक कल्पना सुचली. मी पडवीत चार तुकडे मांडले. एक कागदाच्या दोऱ्याचा, जो हल्ली शहरात खपतो. एक परदेशातून आलेला. एक कुरोगीच्या दुकानातला, जो माझ्याकडे कसा आला ते विचारू नकोस. आणि एक माझा. सशाला मधोमध सोडलं. कागदाच्या तुकड्याकडे त्याने पाठ केली. परदेशीवर शिंकला. कुरोगीच्या तुकड्यावर त्याने जे केलं ते मी कुरोगीला स्वतः जाऊन सांगितलं. आणि माझा तुकडा डोळे मिटून खाल्ला.

जागा बदलून पुन्हा मांडले. पुन्हा तेच.

मित्सु, पन्नास वर्षं मी लोकांच्या घरी चटया घातल्या. लोक त्यावर बसले, लोळले, त्यावर सोया सॉस सांडला. एकालाही फरक कळला नाही. आणि हा प्राणी पंधरा-वीस दिवसांत ओळखतो.

नाव मी ठेवलेलं नाही. त्याला परीक्षकसाहेब म्हणतो. ते नाव नाही, हुद्दा आहे.

दादा

फुकुओका, १२ एप्रिल

दादा,

हुद्दा म्हणे.

त्याला कोरडं गवत दे, चटई चवीपुरती. चांगली बातमी अशी की इसायामा नावाचं एक जोडपं कुमामोतोहून रविवारी त्याला बघायला येतंय. दोघं घरून काम करतात, मूलबाळ नाही, फार मायेची माणसं. तू चहा दे, गोड बोल आणि मधे पडू नकोस. जाहिरातीसाठी एक फोटोही पाठव. तू पाठवलेल्या सगळ्या फोटोंत फक्त शेपूट आहे.

मित्सुए

यात्सुशिरो, २० एप्रिल

मित्सु,

इसायामा येऊन गेले. मी चहा दिला, गोड बोललो. मधे पडलो नाही, फक्त त्यांच्या घरी जमीन कसली ते विचारलं. लाकडी, चकचकीत. मी म्हटलं, छान. मग तळव्याला गादी नसलेला प्राणी चकचकीत फळीवर कसा घसरतो ते करून दाखवलं. इसायामाबाईंनी मला उठवायला हात दिला. तेवढ्यात परीक्षकसाहेबांना सकाळचा पेपर वाचून दाखवावा लागतो आणि तोही शेतीमालाच्या भावांच्या पानापासून, हे मी सांगितलं, कारण नव्या घराला सगळं माहीत असलेलं बरं. ते विचार करून कळवतो म्हणाले.

दुसरी बातमी. कुरोगीला माझ्या परीक्षेचं फार लागलं. तो म्हणाला, एकाच परीक्षकाचा निकाल आपण मानत नाही. त्याच्या नातीकडे ससा आहे, काळा, रानडुकरासारखा. तो काखेत मारून घेऊन आला. दोघं पुरुष म्हटल्यावर भांडतील, म्हणून मी मधे फळी लावली. पण किनारीचा टाका कसा असावा यावर माझी आणि कुरोगीची बाचाबाची झाली, कुरोगीने मांडीवर थाप मारली आणि फळी पडली. बघतो तर दोघांची सुमो सुरू. काळा पाठीवर चढला की आमचा खाली दबून बसायचा. कुरोगी म्हणाला, माझा जिंकला. मी म्हटलं, आमच्याने पाय सोडलेला नाही. आम्ही चटया विसरून पंचगिरी करत बसलो. फार दिवसांनी इतकं हसलो. कुरोगी जेवूनच गेला.

दादा

फुकुओका, २४ एप्रिल

दादा,

इसायामाबाईंचा फोन आला. हसून हसून त्यांना बोलता येईना. म्हणाल्या, ससा गोड आहे, पण आजोबा सोबत मिळणार नसतील तर आम्हाला नको. तू मुद्दाम पडलास, हे मला इथे बसून कळतं. लहानपणी शाळा बुडवायची असली की तू असाच पडायचास.

सुमोचं म्हणशील तर नर नर असं करतात, मोठेपणा दाखवायला. माझ्या अनुभवाला आता वीस वर्षं होतील, ते काही नवीन नाही. पण पुन्हा भेटवू नकोस, चावतील.

मेअखेर नागाई बाई येतील. शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. त्यांच्या घरी तातामीची खोली आहे, हे मी आधीच विचारून घेतलंय, म्हणजे तुला पडायला कारण नको. आणि दादा, एवढा जीव लागला असेल तर सरळ सांग. पण ओबोननंतर तू ओसाकाला जाणार. ससा ठेवायचा तर घर ठेवावं लागतं. मी तुला जा असंही म्हणत नाही, राहा असंही म्हणत नाही. मी काहीच म्हणत नाही.

मित्सुए

यात्सुशिरो, १५ मे

मित्सु,

तू काहीच म्हणत नाहीस तेव्हा सगळ्यात जास्त बोलतेस.

आता मी जे लिहितो ते तू कुणाला वाचून दाखवलंस तरी चालेल. परीक्षकसाहेबांनी धंदा शिकायला घेतला आहे.

कालपासून साहेब सुटा लव्हाळा दोन्ही बाजूंनी मिशांसारखा तोंडात धरतात आणि माझ्या हत्यारांच्या कपाटामागे नेतात. तिथे नुसता टाकत नाहीत, रचतात. आडवा एक थर, उभा एक थर, मग पायाने दाबून बघतात, पसंत नाही पडलं की उसवून पुन्हा. मी माझ्या गुरूंकडे पहिली दोन वर्षं फक्त लव्हाळा वाहत होतो, इतकी समज मला तेव्हाही नव्हती. आज तर स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यात घातले. कामात जीव ओतणं मी ऐकलं होतं, अंगचे केस ओतणारा पहिल्यांदा पाहिला. मी कुरोगीला बोलावून दाखवलं. तो गुडघे टेकून कपाटामागे वाकला आणि म्हणाला, माझ्या मुलाने एवढं केलं असतं तर.

जरा अंगाने सुटलेत आणि चिडचिड वाढलीये, पण कारागिराला ते शोभतं.

आता सांग, असा शिष्य नागाई बाईंच्या हवाली कसा करू?

दादा

फुकुओका, १७ मे, तातडीचं टपाल

दादा,

तो धंदा शिकत नाहीये. पोट बघ.

कपाटामागे हात घालू नकोस, हलवू नकोस, कुरोगीला बोलावू नकोस. खायला भरपूर दे आणि शांत बस. चूक माझी आहे. खडूने लिहिलेल्या ‘मुलगा’वर मी विश्वास ठेवला आणि उलटं करून बघितलं नाही. वीस वर्षांचा अनुभव, आणि लहान मुलांच्या अक्षरावर गेले.

ती सुमो नव्हती, दादा.

मित्सुए

यात्सुशिरो, १७ मे

मित्सु,

हे पत्र तुझ्या पत्राला वाटेत भेटेल बहुतेक. आज सकाळी शिष्याच्या चटईतून आवाज आला. केसांची रजई उचलून बघितलं तर आत गुलाबी, केस नसलेली, डोळे मिटलेली पिल्लं. मला वाटतं पाच, एक सारखं दुसऱ्याखाली जातं.

कुरोगीला कळवलं. तो आधी म्हणाला, शक्य नाही, आपण दोघं तिथेच होतो. मग त्याला फळी आठवली. आता तो आणि मी नातेवाईक लागतो, असं तो गल्लीभर सांगत फिरतोय. शुभप्रसंगी करतात तो लाल भात करून घेऊन आला होता. चटई मात्र त्याने हात जोडून बघितली. म्हणाला, मऊ आहे, पण किनार नाही.

दादा

यात्सुशिरो, २० जुलै

मित्सु,

लव्हाळ्याची कापणी संपत आली, गल्लीला तोच वास आहे. बघ, ऋतूबद्दल लिहिलं.

पिल्लं उलटी करून नर-मादी ठरवायला तू आलीस तेव्हापासून ती दुप्पट झाली. सगळ्यांची सोय लागली. इसायामांनी एक नेलं. मी त्यांच्याकडे खोलीभर चटई घालून दिली आणि पडलो नाही. दोन नर दोन वेगळ्या घरी गेले, दोन्ही जमिनी मी स्वतः जाऊन बघितल्या. एका घरच्या आजींनी मला विचारलं की ससा आम्ही घेतोय की परीक्षा तुम्ही घेताय. मी म्हटलं, हुद्दा आईचा आहे, मी नुसता कारकून. दोन बहिणी नागाई बाईंनी नेल्या. खरं तर त्या आईला न्यायला आल्या होत्या. त्यांची तातामी माझ्या गुरुबंधूच्या हातची निघाली. मला एक वाईट शब्द सुचला नाही. बराच वेळ शोधला. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, आईसाठी मी चाचणीचे दिवस पुढे ढकलते, तुम्ही आधी ठरवा.

तेव्हा ठरवायला बसलो. ओबोनला आता दिवस कुठे उरलेत. घर बघायला एक माणूस येऊनही गेला. हिरोआकीने मायेने बोलावलंय, सूनबाईने खोलीसुद्धा रिकामी केली. नाही कसं म्हणायचं, मित्सु? मुलगा आपल्या बापाला घर देतोय.

मग तुझी रीत आठवली. पंधरा दिवस चाचणी, आणि परत आलं तर कुणी कुणाला बोलायचं नाही. सशाला जो नियम, तो मला लागू होईल का? तू आपले उंदीर शेजारणीकडे सोपव आणि इथे येऊन परीक्षकबाईंना सांभाळ. मी ओसाकाला चाचणीवर जातो.

दादा

ओसाका, २ ऑगस्ट

मित्सु,

चाचणीचा अहवाल, तुमच्याकडे लिहितात तसा.

खाणं उत्तम. सूनबाई रोज मासा करते. मी भरपूर खातो. माणसं मायाळू, आवाज चढवत नाहीत. उजेड चांगला. पाणी वेळेवर.

जमीन लाकडी, चकचकीत. मी घसरलो. या वेळी मुद्दाम नाही.

लपायला जागा नाही. दिवसभर सगळे कामाला जातात आणि मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या खिडकीत बसलेला म्हातारा बघतो. तोही माझ्याकडे बघतो. आम्ही मान हलवतो. काल मी स्वयंपाकघरातल्या पायपुसण्याची किनार उसवून पुन्हा शिवली. सूनबाईने ते पाहिलं आणि गुपचूप दुसरं पायपुसणंही माझ्याजवळ आणून ठेवलं.

काल रात्रीच्या जेवणाला मी हिरोआकीला सगळी रीत समजावून सांगितली. चाचणी म्हणजे काय, परत पाठवणं म्हणजे टाकून देणं कसं नाही, काही प्राणी जिथे खड्डा खणून बसलेत तिथेच खातात-पितात. तो घास हातात धरून ऐकत होता.

“बाबा, तुम्ही सशाबद्दल बोलताय की स्वतःबद्दल?”

“जमिनीबद्दल,” मी म्हटलं.

तो हसला नाही. मग सूनबाई हसली, मग तो हसला. म्हणाला, मला वाटत होतं तुम्हाला एकटेपणा खातोय, म्हणून मी मागे लागलो. मी म्हटलं, एकटा होतो, आता मला व्याही आहे. कुरोगीची सगळी हकीकत सांगितली. सुमोपाशी आल्यावर सूनबाई ताट सोडून आत गेली आणि आतून तिचा आवाज येत राहिला.

हिरोआकीची एकच अट आहे. दर रविवारी तो फोन करणार आणि मी ‘ऐकू येत नाही’ म्हणायचं नाही.

ती खातेय ना नीट?

दादा

यात्सुशिरो, ५ ऑगस्ट

दादा,

खातेय. तुझ्या उशीवर बसते आणि मी पेपर उघडला की कान टवकारते, तेव्हा ते खरं होतं म्हणायचं. मी पहिल्या पानावरचं राजकारण वाचायला घेतलं तर उठून गेली. भाजीच्या भावांना परत आली.

कुरोगी रोज सून कशी आहे बघायला येतो आणि माझ्याकडून चहा उकळतो. घर बघायला आलेल्या माणसाला मी सांगितलं की घराचा मालक चाचणीवर गेलाय, निकाल लागायचाय. नागाई बाईंनाही कळवलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं. दोघी बहिणी मजेत आहेत.

नियम सगळ्यांना सारखा आहे, दादा. परत येणाऱ्याला कुणी बोलत नाही. ये.

आणि एक सांगते, म्हणजे माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरेल. हिगानच्या दिवशी माझ्या न्हाणीघरात एका पिंजऱ्यापुरती जागा होती.

मित्सुए

यात्सुशिरो, ९ ऑगस्ट

मित्सु,

तू सकाळी गेलीस आणि दारात परत टोपली. मी झाकण काठीने उघडलं. या वेळी खरोखर खायचं होतं. अर्धं कुरोगीला दिलं.

न्हाणीघरातली जागा मला मार्चपासून माहीत होती. तू पळताना मागे वळून हसली होतीस. सायकल नेलीस तेव्हाही अशीच हसली होतीस.

पुढच्या खोलीत नवी तातामी घालायला घेतोय. एक कोपरा मुद्दाम न शिवता सोडणार आहे, तो तिचा. तुझे ते चिंचिला, हॅमस्टर ज्यांना घर मिळेना, ते टोपलीत घालून दारात ठेवून पळू नकोस. आत घेऊन ये आणि चहा घेऊन जा.

राहता राहिलं नाव. कायमच्या घराचा हक्क म्हणालीस, तर आज मी तो बजावला. परीक्षक हा हुद्दा तिच्याकडे राहील, पण हाक मारायला नाव लागतं. त्या दिवशी टोपलीचं झाकण काढण्याआधी आत जे असेल असं मला वाटलं होतं, तेच ठेवलं. बोतामोची.

हाक मारली. आली नाही. पण कान वळले.

तुझा दादा